कापड आटलंय, बाकी काही नाही

मास्तरांच्या दुकानात नवे कपडे शिवायला हल्ली फारसं कुणी येत नसे. येत ती जुने कपडे अंगात शिरेनासे झालेली माणसं. ती दारातच घुटमळायची, पिशवीतली पँट अर्धी बाहेर काढून पुन्हा आत कोंबायची, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक दिसलं की "नंतर येतो" म्हणत काढता पाय घ्यायची. मास्तर अशांना बरोबर हेरत. पँट हातात घेत, उजेडाकडे धरत, कमरेची पट्टी दोन बोटांत चोळत आणि एखाद्या डॉक्टरने निदान सांगावं तशा गंभीर आवाजात म्हणत, "कापड आटलंय. बाकी काही नाही."

कापड काही आटलेलं नसे, आणि हे मास्तरांइतकंच गिऱ्हाइकालाही माहीत असे. पण माणसाचा जीव भांड्यात पडायचा. मग मास्तर गळ्यातली टेप काढून माप घेत आणि आकडा तोंडातून न काढता वहीत लिहून वही पालथी ठेवत. तोंडाने ते कितीही गोड बोलोत, वहीत मात्र आकडा खरा असे. कुणाची भीड पडून अर्धा इंच जरी कमी लिहिला तरी कपडा बसत नाही, हे तेवीस वर्षांच्या धंद्याने त्यांना शिकवलं होतं. एवढं शिकलेल्या माणसाने पुढे जे केलं त्याला काय म्हणावं, ते ज्याने त्याने ठरवावं.

मास्तरांचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती गच्ची. अकरा वर्षांपूर्वी बँकेचं वीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेलं. घराच्या कागदांवर त्यांनी बायकोचंही नाव लावलं होतं आणि ही गोष्ट ते चारचौघांत दोनदा तरी सांगत. हप्ता निघायचा तो मात्र वाढलेल्या पोटांवर नाही, तर एका मोठ्या हॉटेलच्या गणवेशांवर. तिथल्या वाढप्यांचे, झाडूवाल्यांचे, दारवानांचे, सगळ्यांचे कपडे मास्तरच शिवत आणि मास्तरच दुरुस्त करत. एके दिवशी हॉटेलच्या मॅनेजरने त्यांना बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि कपबशीतून चहा मागवला. एरवी मास्तरांना मागच्या दाराशी उभ्याने ग्लासातला चहा मिळायचा. बशी बघितली तेव्हाच त्यांना काय ते कळलं. गणवेश आता तयार येणार होते, एका कंपनीकडून, निम्म्या दरात.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मास्तर काही बोलले नाहीत. उद्या सांगू म्हणाले, मनातल्या मनात. उद्याचा परवा झाला. पहिली तारीख आली तेव्हा त्यांनी नेहमीइतकेच घरखर्चाचे पैसे बायकोच्या हातावर ठेवले, कारण ते कमी पडले असते तर दिसलं असतं. हप्ता चुकलेला कुणाला दिसतो? तेव्हा हप्ताच चुकवला. दुसऱ्या महिन्यात तेच. चौथ्या महिन्यात बायको म्हणाली की स्वयंपाकघराच्या भिंतीला फरशा लावून घ्याव्या का, परवडेल का, तर हे गृहस्थ म्हणाले, "लाव की. त्यात विचारायचं काय?" पिवळ्या फरशा लागल्या. मास्तरांना त्या पुढे जेवताना समोर दिसू लागल्या आणि ते पाठ करून बसू लागले.

त्याच सुमाराला समोरचं घर गेलं. समोरचे म्हणजे मास्तरांच्याच वयाचे, फर्निचरच्या कारखान्यात देखरेखीला असलेले गृहस्थ. कारखाना बंद पडला, हप्ते थकले, बँकेने दारावर नोटीस चिकटवली, ताबा घेतला आणि घराचा लिलाव केला. ताबा घ्यायला बँकेची माणसं आली त्या दिवशी सगळी गल्ली खिडक्यांत उभी होती. मास्तरांची बायकोही होती. तिची जीभ जरा मोकळी, मनात मात्र काही नसायचं. ती म्हणाली, झेपत नव्हतं तर घ्यायचंच कशाला एवढं घर. मास्तरांचे तेव्हा स्वतःचे चार हप्ते थकलेले होते. त्यांना गप्प राहता आलं असतं. पण ज्याचं दुखत असतं तोच जास्त बोलतो की काय कोण जाणे, ते खिडकीतून चांगलं खणखणीत बोलले, "लोकांना लाज कशी वाटत नाही?"

दुसऱ्या दिवशी सामान न्यायला टेम्पो आला. गल्लीतल्या चारजणांनी कपाटाला हात लावला. त्यात मास्तर नव्हते. ते मागच्या बोळातून तासभर आधीच दुकानात जाऊन बसले होते आणि एकाच सदऱ्याची बटणं तोडून पुन्हा लावत होते. समोरचे चार गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत गेले, तरी सगळ्यांच्या तोंडी त्यांचं नाव समोरचेच राहिलं.

इकडे बँकेची पाकिटं येऊ लागली. मास्तरांनी पोस्टात जाऊन सांगून ठेवलं की आपली पत्रं घरी टाकू नका, आपण येऊन नेऊ. पोस्टाच्या रांगेत ते मान खाली घालून उभे राहायचे, पाकीट घेतलं की न फोडता सदऱ्याच्या आत सरकवायचे आणि दुकानात बटणांच्या खणात, सगळ्यात खालच्या थराला ठेवून द्यायचे. बँकेचा फोन आला की आवाज बदलून सांगायचे, "मास्तर बाहेर गेलेत." एकदा फोनवरची मुलगी म्हणाली, "बरं मास्तर, ते आले की सांगा त्यांना." त्या दिवसापासून त्यांनी फोन उचलणंच सोडलं. सातवं पाकीट आलं ते रजिस्टरने. सही करून घेतलेलं पाकीट न फोडण्याचा धीर त्यांना झाला नाही. आत लिहिलं होतं की साठ दिवसांत थकबाकी भरली नाही तर बँक घराचा ताबा घेईल.

त्यानंतर आठवड्याभराने, दुपारच्या सुमारास, दुकानात समोरचे आले.

मास्तरांना कुठे बघावं कळेना. समोरच्यांनी पिशवीतून राखाडी पँट काढली आणि म्हणाले, कंबर आत घ्यायची आहे. मास्तरांनी सवयीने पँट उजेडाकडे धरली, पट्टी चोळली, "कापड जरा सैल..." म्हणाले आणि अडखळले.

"कापडाला कशाला बोल लावता मास्तर, मी वाळलोय," समोरचे म्हणाले आणि हसले.

पँट घालून ते आरशासमोर उभे राहिले. मास्तर गुडघ्यावर बसून टाचण्या लावू लागले. समोरचे आरशात बघत, हवापाण्यावर बोलावं तसं बोलत होते. म्हणाले, लिलाव झाल्यावर एकाने सांगितलं की आधी बँकेत जाऊन अर्ज करायचा असतो. कर्जाची पुनर्रचना म्हणतात त्याला. थकलेले हप्ते मुद्दलात घालतात, मुदत वाढवतात, हप्ता कमी करून देतात. घर विकत बसण्यापेक्षा बँकेलाही ते परवडतं. पण अर्ज वेळेत करावा लागतो.

"मग तुम्ही का नाही केलात?" मास्तरांनी खाली बघूनच विचारलं.

"पाकिटं फोडलीच नव्हती मी. लाज वाटत होती."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मास्तरांचा टाचणी धरलेला हात तिथेच थांबला. या माणसाला लाज वाटत नाही असं आपण खिडकीतून ओरडलो होतो. त्यांना वाटलं, हा आता खाली बघेल आणि आपला चेहरा वाचेल. पण समोरचे आरशातच बघत राहिले, पँट बदलून निघून गेले आणि पुन्हा न्यायला आले नाहीत. मास्तरांनी पँट त्याच दिवशी शिवून खुंटीला लावली. ती तिथेच लटकत राहिली.

तिसऱ्या दिवशी मास्तर बँकेत गेले. कसे गेले, ते बघा. स्वतःच्या लग्नानंतर एकदाच घातलेला सूट काढला, त्याला दोनदा इस्त्री केली, बूट चमकवले आणि एखादं दुकान विकत घ्यायला निघावं तसे निघाले. कर्ज विभागात समोर ज्या मॅडम बसल्या होत्या त्यांना बघताच सूट अंगावर चार मापं मोठा झाल्यासारखं त्यांना वाटलं. त्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. बाळंतपणानंतर त्यांचा काळा कोट मास्तरांनी दोनदा उसवून सैल करून दिला होता, आणि दोन्ही वेळा दोष कापडाला दिला होता.

मॅडमनी ओळख दाखवली, पण बडबड केली नाही. अर्ज दिला आणि म्हणाल्या की सगळं नीट भरून द्या, खाली हप्ते का थकले ते स्वतःच्या अक्षरात लिहा. मास्तर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. महिन्याची मिळकत किती, असा रकाना होता. त्यांनी पेन टेकवलं. हा आकडा त्या मॅडम वाचणार, हे मनात आलं, आणि हात आपोआप वर चढला. हॉटेलचं काम होतं तेव्हाची, भर सीझनची मिळकत त्यांनी लिहिली. घरखर्चाचा आकडा उलट लहान लिहिला, म्हणजे आपण काटकसरी दिसू. कारणाच्या जागी लिहिलं, "प्रकृतीच्या तक्रारीमुळे." त्यांना वर्षभरात साधं पडसंही झालं नव्हतं. सही करताना त्यांना बरं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अर्जदाराची मिळकत चालू हप्ता भरायला पुरेशी आहे, सबब पुनर्रचनेची गरज दिसत नाही, थकबाकी ठरलेल्या मुदतीत भरावी. मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. साठ दिवसांतले आता पंचवीस उरले होते. घर वाचवायला गेलेल्या माणसाने आपल्याच हाताने बँकेला लेखी कळवलं होतं की आमचं उत्तम चाललंय.

या वेळी ते दुकानातल्याच कपड्यांत गेले, बाहीला दोरे चिकटलेले. शेजारच्या खुर्चीवर दुसरा एक माणूस कागद भरत होता. मॅडमनी अर्ज उघडला, मग मास्तरांच्या बाहीकडे बघितलं, शेजारच्या माणसाकडे बघितलं आणि काही न बोलता एका चिठ्ठीवर आकडा लिहिला. चिठ्ठी पालथी करून मास्तरांकडे सरकवली. खात्यात गेल्या आठ महिन्यांत महिन्याला सरासरी किती जमा झालं, तो आकडा होता. लिहिलेल्या मिळकतीच्या निम्माही नव्हता. आयुष्यभर मास्तरांनी दुसऱ्यांसाठी वही पालथी ठेवली, आज आपल्यासाठी कुणीतरी ठेवली होती. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, माझं माप तुम्ही वहीत कमी लिहिलं असतं, तर कोट बसला असता का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मॅडमनी सांगितलं की नवा अर्ज घेता येईल, मुदत अजून आहे. मात्र सगळे आकडे खरे हवेत, आणि घर दोघांच्या नावावर आहे तेव्हा दोघांच्या सह्या हव्यात. मागचा अर्ज एकट्याचा घेतला, ती आमच्याकडची चूक झाली, या वेळी वहिनी समोर बसल्याशिवाय मी कागद पुढे पाठवणार नाही. मास्तर म्हणाले, तिला जरा बरं नाही. मॅडमनी नव्या अर्जावर दोन सह्यांच्या जागी खुणा केल्या. "उद्या आणतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानाची सुट्टी होती. मास्तरांनी बायकोला दुकानात बोलावून घेतलं. घरी सांगितलं असतं तर पिवळ्या फरशांसमोर सांगावं लागलं असतं. शटर अर्धं ओढलं, तिला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं, बटणांचा खण आख्खा बाहेर काढला आणि पाकिटं एकेक करून कापायच्या टेबलावर ठेवली. तिला आधी वाटलं हॉटेलची बिलं आहेत. तिने एक वाचलं. दुसरं वाचलं नाही.

"किती महिने झाले?"

"आठ."

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मास्तरांना कळलं की ती फरशांपर्यंत पोचली. ती म्हणाली, दर पहिल्या तारखेला तुम्ही माझ्या हातावर पैसे ठेवत होतात, आणि मी फोनवर माझ्या बहिणीला फुशारकी सांगत होते. मग तिने त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं आणि तिचा आवाज चढला.

"लोकांना सांगता कापड आटलंय. मला काय सांगणार होतात, घर आटलंय?"

मास्तरांना हसू यायला हवं होतं, आलं ते रडू. तेवीस वर्षांत ते त्या दुकानात कधी रडले नव्हते. त्यांनी टेप गळ्यातून काढली आणि हातात गुंडाळत राहिले. म्हणाले, हॉटेलचं काम गेलं तेव्हाच सांगणार होतो, रोज सांगणार होतो. पण समोरच्यांचं घर गेलं तेव्हा तू खिडकीतून बोललीस, आणि तुझ्यापेक्षा मी जास्त बोललो. त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगायचं?

ती खुंटीवरच्या कपड्यांकडे बघत बसली. तिलाही ते शब्द आठवत असणार, कारण तिचीही मान खाली गेली. मग पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "सही कुठे करायची असते?"

बँकेत नव्या अर्जावर मास्तरांनी खरे आकडे लिहिले. प्रत्येक आकडा लिहिताना कुणीतरी अंगावरचा एकेक कपडा काढून घ्यावा तसं त्यांना होत होतं, आणि बायको शेजारी बसून बघत होती. घरखर्चाचा आकडा तिनेच सांगितला. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, "हॉटेलचं काम गेलं. मी घरी सांगितलं नाही. चूक माझी आहे." मॅडम म्हणाल्या की शेवटचं वाक्य लागत नाही. मास्तर म्हणाले, राहू दे.

मुदत संपायला सहा दिवस असताना बँकेचं पत्र आलं. मास्तरांनी ते पोस्टाच्या दारातच फोडलं. थकबाकी मुद्दलात मिळवली होती, उरलेल्या नऊ वर्षांची सोळा वर्षं केली होती आणि हप्ता निम्म्याजवळ आला होता. आधी तीन महिने नवा हप्ता तारखेला भरून दाखवायचा, मग ते पक्कं. ताब्याची कारवाई तोवर थांबवली होती. कर्ज फिटेल तेव्हा मास्तर सत्तरीला आलेले असणार होते. बायकोने हिशेब केला आणि म्हणाली की आता दुकानात तीही बसेल, काज-बटणं तिला येतात. मास्तरांनी नको म्हटलं नाही. नको म्हणायची त्यांना सवय होती, पण ती सवय किती महाग पडली ते ताजं होतं.

त्याच दिवशी तिने खुंटीवरची राखाडी पँट काढली. ही कुणाची, म्हणून विचारलं. मास्तरांनी सांगितलं, आणि कर्जाचा मार्ग कुणी सांगितला तेही सांगितलं. ती म्हणाली, आपण दोघं देऊन येऊ. मास्तर म्हणाले, ते येतील न्यायला. तिने पँटची घडी घातली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर समोरच्यांची खोली होती. दार त्यांनीच उघडलं. मास्तरांनी पिशवी पुढे केली. समोरच्यांनी विचारलं, किती झाले. मास्तर घाईघाईने म्हणाले, राहू दे, त्यात काय.

"राहू दे कशाला? एवढं अजून देऊ शकतो मी," समोरचे म्हणाले.

मास्तरांना आणखी लाजल्यासारखं झालं. तेव्हा बायकोच पुढे झाली.

"आमचेही आठ हप्ते थकले होते," ती म्हणाली. "जाता जाता घर वाचलं, तुम्ही सांगितलंत म्हणून. तुमचं घर गेलं त्या दिवशी मी खिडकीतून बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं असेल."

"ऐकू आलं होतं," समोरचे म्हणाले. "दोघांचंही."

जिन्यात खालच्या दुकानातला हातोड्याचा आवाज येत होता. मास्तरांना तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि जायला वाट नव्हती. शेवटी त्यांनी मान वर केली आणि विचारलं की एवढं ऐकूनही तुम्ही माझ्याच दुकानात कसे आलात? गावात शिंपी काय मी एकटाच होतो?

"पोस्टाच्या रांगेत तुमच्या मागे उभा होतो मी. तुम्ही बघितलं नाहीत. ते पाकीट मी लांबून ओळखतो." समोरच्यांनी पँट उलगडून कमरेशी धरून बघितली. ती बरोबर बसणार होती. "कंबर सैल झाली होती, ते खरं. पण पट्टा होता की माझ्याकडे."

समोरच्यांनी पुन्हा विचारलं, किती झाले. या वेळी मास्तरांनी मजुरीचा आकडा मोठ्याने सांगितला, जेवढी होती तेवढी. समोरच्यांनी खिशातून काढून ती त्यांच्या हातावर ठेवली आणि आत या म्हणाले. खोलीत खुर्च्या दोनच होत्या. त्या त्यांनी या दोघांपुढे ओढल्या आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.